ग्रुपवर गप्प असतात ना, त्यांना फोन करा

आमच्या वर्गाचा ग्रुप आहे, तसा आता बहुतेक सगळ्यांच्याच वर्गाचा असतो. सकाळी फुलं येतात, दुपारी फॉरवर्ड, कुणाचा वाढदिवस असला की केकची चित्रं आणि कुणी गेलं की हात जोडलेल्या खुणांची लांबच लांब रांग. बरेच जण या सगळ्याला नावं ठेवतात, मी नाही ठेवत. ज्याचं रोज सकाळी फूल येतं तो उठलाय, त्याचा हात चालतोय, चष्मा सापडलाय, एवढं तरी कळतं आणि आपल्या वयात ही बातमी लहान नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ग्रुपवर दहा-बारा जण बोलत असतात आणि बाकीचे नुसते वाचतात, आणि त्या वाचणाऱ्यांत काही असे असतात की जे आधी बोलायचे, भरभरून बोलायचे, आणि मग हळूहळू बोलायचे बंद झाले. कुणाच्या लक्षात पण येत नाही कारण ग्रुप चालूच असतो, गप्पा चालूच असतात. तर माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याचा मेसेज बरेच दिवस आला नाही त्याला फोन करा. मेसेज नको, फोनच. का ते सांगते, जरा लांबेल.

माझी एक वर्गमैत्रीण, शाळेत सगळ्यात जास्त बडबडी, बाई वर्गात आल्या तरी हिचं वाक्य पूर्ण झाल्याशिवाय थांबायचं नाही. ही ग्रुपच्या व्हिडिओ कॉलवर यायची बंद झाली, मग भेटायला यायची पण बंद. सगळ्यांना वाटलं सून-मुलात रमली असेल, कुणाला वाटलं कुणाच्या बोलण्याचा राग आला. मी फोन केला तर आधी दोन-तीनदा उचललाच नाही. मग एकदा उचलला आणि मी बोलत होते तर नुसतं हो हो, बरं बरं, चाललंय. मी विचारलं गुडघ्याचं काय म्हणतंय, तर म्हणाली हो दोघंही मजेत आहेत. तेव्हा मला कळलं. मी हळू, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले तशी ती एकदम मोकळी झाली आणि म्हणाली अगं मला आवाज येतो पण शब्दच लागत नाहीत, चौघं एकदम बोलायला लागले की काहीच कळत नाही, सारखं काय काय म्हणून विचारायची लाज वाटते, त्यापेक्षा न गेलेलं बरं.

वयाने ऐकू कमी येतं ते बऱ्याचदा असंच येतं. आधी उंच पट्टीचे, बारीक आवाज जातात आणि स, फ, थ असले वर्ण त्यातच मोडतात, स्वर मात्र ठणठणीत ऐकू येतात, त्यामुळे माणसाला वाटतं मला ऐकू येतंय, समोरचाच पुटपुटतोय. गोंगाट असला की आणखी अवघड. आणि हा नुसता कानाचा प्रश्न राहत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या डिमेन्शियावरच्या, म्हणजे विस्मरणाच्या आजारावरच्या आयोगाने २०२४ मध्ये अशा १४ गोष्टी सांगितल्या की ज्यांच्यावर आयुष्यभर नीट लक्ष दिलं तर साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो. त्या यादीत कमी ऐकू येणं आहे आणि माणसांपासून तुटणं पण आहे. म्हणजे बघा, एका गोष्टीमुळे दुसरी होते आणि दोन्ही यादीत. आमची ही मैत्रीण कानाचं मशीन आणून कपाटात ठेवून बसली होती, कारण पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाज, पंख्याचा आवाज सगळं कानावर आदळलं. ते आदळतंच सुरुवातीला, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, रोज थोडा थोडा वेळ लावायचं आणि ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडे परत जाऊन सेटिंग बदलून घ्यायचं. हे तिला घरच्यांनी सांगितलं होतंच, पण घरच्यांचं ऐकायचं वय आहे का आपलं! आपल्याच बाकावरच्या दुसरीने, जी स्वतः मशीन लावते, तिने सांगितलं आणि मग हिने लावलं. आता व्हिडिओ कॉलवर असते, फक्त आम्ही नियम केलाय की एका वेळी एकानेच बोलायचं आणि चेहऱ्यावर उजेड येईल असं बसायचं म्हणजे ओठ दिसतात.

फोनबद्दल म्हणाल तर यावर चक्क प्रयोग झालेत. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी लोकांना जुन्या मित्राशी परत संपर्क करायला लावला, काहींना ईमेलने आणि काहींना फोनवर. लोकांना आधी वाटत होतं की फोनवर अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात फोनवर बोललेल्यांना जास्त जवळीक वाटली आणि अवघडलेपण काही जास्त नव्हतं. हा २०२१ चा अभ्यास. दुसरा २०२२ चा, पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांचा, त्यात ५,९०० पेक्षा जास्त लोक होते आणि निघालं असं की आपण कुणाची सहज चौकशी केली तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा आपला अंदाज कमीच असतो, आणि तो संपर्क जितका अचानक तितकं समोरच्याला जास्त बरं वाटतं. आपण मात्र विचार करत बसतो की इतक्या वर्षांनी एकदम फोन केला तर त्याला काय वाटेल, काहीतरी काम असेल असं वाटेल का. वाटू दे ना, अर्ध्या मिनिटात कळतं त्याला काम काही नाही ते.

शिवाय आवाजात जे कळतं ते टाइप केलेल्यात कळत नाही. दम लागतोय का, एकच गोष्ट परत परत सांगतोय का, रडू दाबतोय का. आणि एक महत्त्वाचं, बोलता बोलता जीभ जड झाली, शब्द अडखळायला लागले, तोंड एका बाजूला वाकडं होतंय किंवा एक हात उचलत नाहीये असं घरातलं कुणी म्हणालं तर फोन ठेवून त्यांना तडक हॉस्पिटलला जायला सांगा. ही पक्षाघाताची लक्षणं असू शकतात, आणि मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि जितकं लवकर तितकं चांगलं, झोपून उठल्यावर बघू असं म्हणायची ती वेळ नाही.

तब्येतीवरून आठवलं. ग्रुपवर औषधांचे सल्ले देऊ नका हो, हात जोडून सांगते. एकाने कुठलातरी काढा पिऊन बीपीची गोळी बंद केली आणि अभिमानाने ग्रुपवर लिहिलं, चौघांनी अंगठे दाखवले. आमच्या वर्गात एक जण डॉक्टर आहे, तो एरवी कुणाला दुखवत नाही पण त्या दिवशी त्याने सरळ लिहिलं की बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, बरं वाटतंय म्हणजे बीपी नाही असं नसतं, आणि काही गोळ्या एकदम बंद केल्या तर बीपी उसळतं, हृदयाला त्रास होतो. मग त्याने त्या मित्राला बाजूला फोन केला, आणि जे काम झालं ते त्या फोनने झालं, कारण तेव्हा त्या मित्राने सांगितलं की गोळीने चक्कर येत होती म्हणून बंद केली, काढा वगैरे नंतरचं. हे तो ग्रुपवर पन्नास जणांत सांगणार होता का? डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, प्रश्न मिटला. पण त्या डॉक्टर मित्राला आपले सगळे रिपोर्ट पाठवत सुटू नका, तोही रिटायर झालाय, त्याला पण कधीतरी नुसतं कसा आहेस म्हणून विचारा. त्याला कुणी विचारतच नाही.

आता रिटायरमेंट. हिच्याबद्दल लोक जितकं पैशाचं बोलतात तितकं बाकीचं बोलत नाहीत. पैशाचं महत्त्वाचं आहेच, पण सकाळी उठून कुठे जायचं नाही, कुणाला आपली वाट बघायची नाही, फोन वाजत नाही, हे काही जणांना फार लागतं आणि मोठ्या पदावरून उतरलेल्यांना तर जास्तच. असा माणूस ग्रुपवर आधी लांबलचक राजकारण लिहितो, भांडतो आणि मग एक दिवस ग्रुप सोडून जातो, आणि लोक म्हणतात बरं झालं गेला. मला वाटतं अशा वेळी कुणीतरी एकाने तरी त्याच्याशी बोलायला हवं. शाळूसोबत्यासमोर पद सांगावं लागत नाही, ज्यांनी तुम्हाला बाकावर उभं राहिलेलं बघितलंय त्यांना तुमच्या ऑफिसच्या दारावरच्या पाटीवर काय लिहिलं होतं याच्याशी देणंघेणं नसतं. आमच्यातला एक साहेब असाच गेला होता निघून, त्याला मी आणि दुसऱ्या एकाने विचारलं की आपल्या त्या अमक्याच्या नातीला गणित कुणी शिकवत नाहीये, तू घेतोस का फोनवर. आता आठवड्यातून तीनदा घेतो, आणि त्या पोरीपेक्षा त्याचंच चांगलं झालंय असं त्याच्या बायकोचं म्हणणं आहे.

बोलणं बंद होण्याची आणखी कारणं असतात आणि ती ग्रुपमुळेच असतात कधी कधी. कुणाच्या मुलीचा संसार मोडलाय, कुणाच्या मुलाची नोकरी गेलीय, कुणाला नातवंडं नाहीत आणि होणार पण नाहीत, आणि इकडे रोज बारशाचे, पदव्यांचे, परदेशातल्या घराचे फोटो. फोटो टाकू नका असं मी म्हणणार नाही, आनंद आहे तो, टाकावाच. पण कोण नेहमी छान छान म्हणायचं आणि आता म्हणत नाही याच्याकडे लक्ष ठेवावं.

सगळ्यात एकटे पडतात ते आजारी जोडीदाराचं करणारे. आमचा एक मित्र आहे, त्याच्या बायकोला विस्मरणाचा आजार आहे, तिला आता तो कोण हे काही वेळा ओळखू येत नाही. तो कुठे येऊ शकत नाही, फोनवर फार बोलू शकत नाही कारण ती मध्येच उठून दाराकडे जाते. त्याला सगळे म्हणायचे काही लागलं तर सांग हं. काय सांगणार तो, आणि कुणाला? मग आमच्यातल्या एकीने वेगळं केलं. त्याला विचारलं ती दुपारी कधी झोपते, आणि त्या वेळेला ठरावीक दिवशी फोन करायला लागली. तो उचलेल तर उचलेल, नाहीतर राहिलं, राग नाही. त्याला माहिती असतं की आज फोन येणार. कधी तो वीस मिनिटं बोलतो, कधी नुसतं म्हणतो आज तिने माझं नाव घेतलं. आता आम्ही तिघं वार वाटून घेतलेत आणि एक जण महिन्यातून एकदा प्रत्यक्ष जाऊन बसतो म्हणजे त्याला बाहेर पडता येतं, दाढी-कटिंग, बँक, स्वतःच्या डोळ्यांची तपासणी. त्याची स्वतःची मोतीबिंदूची तारीख दोनदा पुढे गेली होती, ती तशी झाली एकदाची.

जोडीदार गेल्यावर पण तेच. पहिल्या आठवड्यात फोन ठेवायला मिळत नाही आणि महिन्याभराने फोन वाजत नाही. फोन तेव्हा करा, महिन्याने. आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्या, टाळू नका. माझ्या एका मैत्रिणीने सांगितलं की सगळे मला जपतात म्हणून ह्यांचा विषयच काढत नाहीत आणि मला तर दिवसभर ह्यांच्याबद्दलच बोलायचं असतं.

हार्वर्डचा तो १९३८ साली सुरू झालेला अभ्यास तुम्ही ऐकला असेल, ७२४ पुरुषांना तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत वर्षानुवर्षं प्रश्न विचारत राहिले, रक्त तपासत राहिले. त्याचे प्रमुख रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात की पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते तेच ऐंशीत जास्त ठणठणीत निघाले, हे कोलेस्टेरॉलच्या आकड्यांवरून इतकं सांगता आलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात तर म्हटलंय की जगात दर ६ माणसांतल्या एकाला एकटेपणा जाणवतो. म्हणजे आपल्या चाळीस-पन्नास जणांच्या वर्गात सात-आठ जण धरून चाला, आणि ते कोण हे ग्रुप बघून कळणार नाही.

म्हणून आम्ही एक साधी व्यवस्था केलीय. हजेरीपट आठवून यादी काढली आणि प्रत्येकाने त्यातली चार-पाच नावं घेतली, आपल्या खास मित्रांची सोडून, कारण त्यांना आपण करतोच. नावांपुढे घरातल्या आणखी एकाचा नंबर लिहिलाय, माणूस फोन उचलत नसला तर विचारायचं कुणाला हा प्रश्न पडतो म्हणून. तो नंबर विचारून घेतलाय आणि ग्रुपवर टाकलेला नाही. काही नावांपुढे अजून काहीच नाही, शाळेनंतर कुठे गेले पत्ताच नाही. त्यातली एक पहिल्या बाकावर बसायची, अक्षर अतिशय सुंदर, लग्नानंतर आडनाव बदललं आणि नंतर कुणाशीच संबंध राहिला नाही. तिच्या धाकट्या बहिणीच्या वर्गाचा ग्रुप आहे असं परवा कळलंय, तिथे एकीला विचारून ठेवलंय, तिचा फोन येईलच या एक-दोन दिवसांत.