आजार येतो की माणूस येतो?

मंगळवार, रात्र

आज मिरजेच्या संध्याकाळच्या वर्गात पूर्ण वेळ इंग्रजीतलं फक्त 'कम' (येणे) हे क्रियापद घेतलं. समोर बसतात त्या सगळ्या नर्सिंग झालेल्या मुली. दिवसपाळी संपवून, तोंडावर पाणी मारून येतात. इंग्लंडला जायचं म्हणून ओईटीची, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी चालू आहे. त्यांना 'अनकॉन्शस', 'व्हॉमिटिंग', 'डिसकंटिन्यू' सगळं पाठ आहे, कारण अभ्यासाची पुस्तकंच इंग्रजीत होती. गाडी अडते ती पेशंट बोलायला लागला की. तिकडची सत्तरीची आजी 'आय डिसकंटिन्यूड द टॅब्लेट्स' असं कशाला म्हणेल? ती म्हणते, 'आय केम ऑफ देम.' कम माहीत आहे, ऑफ माहीत आहे, पण आजीने गोळ्या बंद केल्यात हे काही त्यातून कळत नाही. आणि केसपेपरवर नेमकं तेच लिहायचं असतं.

सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत स्वच्छ लिहून ठेवलंय की क्रियापदामागे असा छोटा शब्द लागला की परक्या माणसाची सर्वांत जास्त पंचाईत होते. त्याच्या यादीतलं पहिलंच उदाहरण 'कम ऑफ'. तेव्हाचा अर्थ युक्तीने निसटणे. हे मी मुलींना मुद्दाम सांगते. अडीचशे वर्षांपूर्वी कोशकारानेच अवघड म्हटलेली गोष्ट आहे, तेव्हा ती पटकन जमली नाही तर मन खट्टू करून घ्यायचं कारण नाही.

अर्थांची यादी देऊन पाठ करायला लावणं मला पटत नाही. म्हणून आज फळ्यावर आधी मराठी वाक्यं लिहिली. मला ताप आला. मला घेरी आली. अंगावर पुरळ आलं. पाळी आली. चारही ठिकाणी 'येणे' आहे, आणि येतोय तो आजार किंवा त्रास. आपण जागच्या जागी असतो, दुखणं चालून येतं. मग शेजारी इंग्रजी लिहिलं. 'आय केम डाउन विथ अ फीवर.' 'आय केम ओव्हर ऑल फेंट.' 'आय केम आउट इन अ रॅश.' आणि जुन्या पिढीतल्या बायका पाळी सुरू झाली की म्हणतात ते, 'आय हॅव कम ऑन.' चारही वाक्यांत येणारा माणूस आहे, 'आय'. आजार विथ किंवा इन धरून मागून येतो, नाहीतर त्याचं नावही निघत नाही.

कोल्हापूरहून येणारी एक सिस्टर बराच वेळ फळ्याकडे बघत होती. म्हणाली, "मॅडम, म्हणजे कर्ता बदलला की झालं. येणं तेच आहे." अगदी तेच. हे एकदा दिसलं की चारही वाक्यं एकाच दोऱ्यात बसतात.

अर्थात सगळं असं बसत नाही, आणि तेही आजच सांगून टाकलं. 'द फीवर हॅज कम डाउन' म्हणजे ताप उतरला. 'शी हॅज कम डाउन विथ अ फीवर' म्हणजे तिला ताप आला. ड्यूटी बदलताना फोनवर 'कम डाउन' आणि 'फीवर' एवढंच कानावर पडलं, तर पेशंट बरा होतोय की आजारी पडलाय हे उलटंसुलटं व्हायचं. कर्ता कोण ते ऐका, विथ आलं का ते ऐका. हे मी तीनतीनदा म्हणून घेतलं. अशा ठिकाणी घोकंपट्टीला माझी काही हरकत नाही.

नंतर 'कम राउंड' घेतलं. भूल उतरून शुद्धीवर येणे. जोर राउंडवर द्यायचा, कमवर नाही, हे कानाला शिकवावं लागतं. आपल्या मुली सवयीने क्रियापदच ठासून म्हणतात. ऑपरेशननंतर बाहेर थांबलेला मुलगा 'हॅज शी कम राउंड येट?' असं विचारतो तेव्हा त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. त्याला क्षणभरही थांबवू नये. परीक्षेतल्या रोल-प्लेला (पेशंटशी बोलण्याचा लुटुपुटीचा प्रसंग) पाचच मिनिटं मिळतात म्हणून मी हे करून घेत नाही. त्या मुलाला लगेच, आणि त्याच्याच शब्दांत, 'येस, शी हॅज कम राउंड' असं उत्तर मिळावं म्हणून करून घेते.

या मुलींचं इंग्रजी कच्चं आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो. त्यांना डॉक्टरांचं इंग्रजी येतं. पेशंटचं इंग्रजी त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. अंग मोडून आलंय, पोटात कालवतंय, हे मराठी तरी कोणत्या मेडिकलच्या पुस्तकात असतं?

उद्या 'ब्रिंग'. 'ब्रिंग राउंड' सोपं जाईल, शुद्धीवर येणे आणि आणणे एवढाच फरक. 'ब्रिंग अप'ला मात्र सावकाश घ्यायला हवं. छातीच्या वॉर्डात त्याचा अर्थ कफ पडणे, पोटाच्या पेशंटकडे उलटीत काहीतरी पडणे, आणि मुलांच्या वॉर्डात तेच आईच्या तोंडी आलं तर लेकराला वाढवणे.