लेटरहेड नसलेल्या प्रकल्पाचं डोमेन

‘संस्थेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह विनंतीपत्र पाठवा.’ डोमेन, म्हणजे वेबसाईटचं नाव, विकणाऱ्या कंपनीकडून हे वाक्य मला १९ दिवसांत सहा वेळा आलं. अजून आठवलं की डोकं तापतं.

आमचा प्रकल्प छोटा. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर वाचता येईल अशा रूपात, आणणारं सॉफ्टवेअर. परवाना जीपीएल, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं. कोल्हापुरातले आम्ही चार-पाच जण नोकरी सांभाळून ते बघतो. वेबसाईट ह्यूगो या वेबसाईट बनवायच्या साधनात केली, गिटहब पेजेस या सेवेवर टाकली, दोन रविवारांत काम झालं.

एका सकाळी शाहूपुरीतल्या प्रेसवाल्या काकांचा फोन. "अहो, लग्नपत्रिकेचा मजकूर फिरवायचाय आणि तुमच्या साईटवर जाहिरातीच दिसायल्यात की!" डोमेनची मुदत संपली होती. संपण्याच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांत आठवण करून देणं कंपन्यांना बंधनकारक असतं. ते मेल गेलेही होते, पण डोमेन घेणाऱ्या मित्राच्या कॉलेजच्या पत्त्यावर. तो पास झाला आणि कॉलेजने पत्ता बंद केला.

पैसे भरायला आम्ही तयारच होतो. फक्त खात्यावरचा ईमेल बदलून हवा होता. मित्राने पुण्याहून ओळखपत्र पाठवलं. उत्तर आलं: नोंदणीत ‘ऑर्गनायझेशन’च्या रकान्यात प्रकल्पाचं नाव आहे, म्हणजे मालक संस्था, तेव्हा पत्र संस्थेचं हवं. अहो, संस्थाच नाही! ट्रस्ट नाही, सोसायटी नाही, कंपनी नाही. रकाना मोकळा दिसला म्हणून मित्राने नाव लिहिलं, एवढंच. मी परवान्याची फाईल पाठवली, कोडचा सगळा इतिहास दाखवला. चॅटवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. एकाने तर सुचवलं, "सर, लेटरहेड छापून घ्या ना." तासाभरात शिक्का करून मिळतो, मलाही माहीत आहे. पण जी संस्था नाही तिचा शिक्का मारायचा नाही, यावर आम्ही सगळे ठाम होतो.

इकडे दिवस सरत होते. आमच्यासारखं ‘.org’ने संपणारं डोमेन मुदतीनंतर जास्तीत जास्त ४५ दिवस कंपनीच्या हातात राहतं, आणि ती त्याआधीही सोडून देऊ शकते. मग ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, पुढचे ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि नंतर जो आधी घेईल त्याचं. रोज रात्री जेवण झालं की मी डोमेनची स्थिती उघडून बघायचो.

शेवटी मित्र रजा टाकून आला. कसबा बावड्यात कोर्टाजवळ नोटरी गाठला, ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र केलं: ‘सदर नावाची कोणतीही नोंदणीकृत संस्था अस्तित्वात नाही, डोमेन मी व्यक्तिशः व स्वखर्चाने घेतले आहे.’ वकीलसाहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "डोमेन म्हणजे जागा का?" सोबत पहिल्या वेळी पैसे भरल्याची बँकेतली नोंद जोडली. माझ्या मते काम त्या नोंदीने झालं, म्हणून डोमेनची पहिली पावती जपून ठेवा. १९व्या दिवशी ईमेल बदलला. घरात मी मोठ्याने ओरडलोच.

अजून एक. डोमेन परत आल्यावर ब्राउझरमधलं, साईट सुरक्षित असल्याचं कुलपाचं चिन्ह दोन दिवस येईना. गिटहबचे चार ए रेकॉर्ड (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदी), १८५.१९९.१०८.१५३ पासून १८५.१९९.१११.१५३ पर्यंत, बरोबर होते. पण जाहिरातींच्या पानाचा पाचवा रेकॉर्ड तिथंच राहिला होता. तो काढला आणि त्याच संध्याकाळी कुलपासाठी लागणारं सुरक्षा प्रमाणपत्र मिळालं.

आता ऑर्गनायझेशनचा रकाना रिकामा आहे, ईमेल तिघांना उघडता येतो, आणि पैसे पाच वर्षांचे एकदम भरलेत. काकांची पत्रिका तेवढी हातानेच टाईप करावी लागली, त्याचं वाईट वाटतं.