सफारीचं कापड, एक नग

आमच्या चर्चच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात 'पाळक स्वागत-निरोप' अशी एक फाईल आहे. सतरा वर्षांपूर्वी मी इथे अर्धवेळ कारकून म्हणून लागलो तेव्हा आधीच्या कारकुनांनी ती माझ्या हातात देताना सांगितलं होतं, "ही जप. बाकीचं हरवलं तर नवं करता येतं." फाईल जाडजूड असली तरी त्यातला कामाचा कागद एकच. हार दोन, पुष्पगुच्छ दोन, शाल एक, सफारीचं कापड एक नग, साडी ब्लाउजपीससह एक नग, पेढे, मंडपवाला, भाड्याच्या खुर्च्या. पाळकसाहेबांची बदली झाली की कागद बाहेर काढायचा, जुन्या किमती खोडून नव्या घालायच्या आणि खजिनदारांची सही घ्यायची. चार पाळकांचं स्वागत मी त्याच कागदावर केलं.

पाचव्या वेळी डायोसिसचं, म्हणजे बिशपसाहेबांच्या कार्यक्षेत्राच्या ऑफिसचं पत्र आलं. त्यात नावाआधी 'रेव्ह.' होतं आणि नाव बाईचं होतं.

मी पत्र सेक्रेटरींकडे नेलं. त्यांनी ते उलटं करून मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली, जणू तिथे खुलासा लिहिलेला असेल. मग म्हणाले, "मीटिंग लाव."

आमचं गाव नगरपासून तासाभरावर. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीच्या रांगेत अजून सगळे नगरच म्हणतात. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणं घातलं आणि तिथून ते खेड्यापाड्यांत पसरलं, त्यातलीच आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचा समुदाय. हे मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे पाळक कोण हे मंडळीनेच ठरवायचं. आमच्या जुन्या सभावृत्तांत 'पाळकास बोलावणे' असा विषयच असायचा आणि पगारात रुपयांच्या जोडीला बाजरीची पोती असायची. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तेव्हापासून नेमणूक बिशपसाहेबांकडून येते. इतकी वर्षं झाली, तरी आमच्यातली म्हातारी माणसं प्रत्येक बदलीला एकदा तरी म्हणतातच, "आम्हाला कोण विचारतं?" त्या मीटिंगमध्ये हे वाक्य सात-आठ वेळा आलं. खरा मुद्दा त्या वाक्याआड बसला होता, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

नियमाने बोट ठेवायला जागा नव्हती. बाईंनी जबलपूरच्या लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजातून बी.डी. केलेलं, आधी डीकन ही पहिली दीक्षा, मग प्रेस्बिटर म्हणजे पूर्ण पाळकाची दीक्षा घेतलेल्या, एका मंडळीत काही वर्षं काम केलेलं. दक्षिणेत तर 2013 मध्येच पुष्पा ललिता बिशप झाल्या होत्या. त्यामुळे चर्चा नियमांची झालीच नाही. चर्चा झाली ती त्यांना म्हणायचं काय, याची.

आमच्याकडे पाळकांना पाळकसाहेब म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला पाळकीणबाई. मग ह्यांना काय म्हणणार? पाळकीणबाई म्हटलं तर पाळक कोण? आणि त्यांच्या मिस्टरांचं काय? ते पुण्याला एका शाळेत गणित शिकवतात, शनिवार-रविवारी येणार. महिला संघाच्या सेक्रेटरी वेगळ्याच काळजीत होत्या. त्यांच्या संघाची अध्यक्ष वहिवाटीने पाळकीणबाईच असते. आता ती खुर्ची कुणाची? एक तरुण सभासद म्हणाला, "मिस्टरांना करा," आणि त्याला बाहेर चहा सांगायला पाठवलं गेलं.

मग माझा कागद निघाला. सफारीचं कापड बाईला कसं द्यायचं? साडी द्यायची तर मिस्टरांना काय? सुटाचं कापड महाग, घड्याळ दिलं तर पुढच्या पाळकालाही घड्याळ द्यावं लागेल. चाळीस मिनिटं यावर गेली, मी वेळ लिहून ठेवलीय. शेवटी कोपऱ्यातून आजी बोलल्या. आजी म्हणजे आमच्या गुरुजींच्या पत्नी. त्या कमिटीत नाहीत, गुडघ्यामुळे गुरुजींना धरून आणतात आणि धरून नेतात म्हणून बसलेल्या असतात.

"नग तेच राहू द्या ना," त्या म्हणाल्या. "देताना फक्त हात बदला."

कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. खजिनदारांनी सही केली.

गुरुजी मात्र गप्प होते. ते मिशन शाळेतून निवृत्त झालेले, मला पाढे त्यांनीच शिकवले. मंडळीत 'वडील' म्हणजे निवडून दिलेले पंच, आणि त्यांच्यातले ज्येष्ठ गुरुजी. मीटिंग उठताना मला म्हणाले, "माझा त्या बाईंना विरोध नाही. शिकलेल्या आहेत, चांगल्याच असतील. पण प्रभुभोजन बाईच्या हातून... माझं मन घेत नाही. नगरात असं कधी झालं नाही." प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि पेला वाटायचा विधी.

"नगरात?" आजी काठी शोधत होत्या. "सावित्रीबाई शिकायला नगरात कुणाकडे आल्या होत्या? फरारबाईंकडेच ना?"

खरं आहे ते. मिशनच्या सिंथिया फरार 1839 मध्ये मुंबईहून नगरला आल्या आणि 1862 मध्ये इथेच वारल्या. तोवर मुलींच्या शाळा चालवल्या. पण शाळा आणि वेदी यांत अंतर आहे, असं गुरुजी म्हणाले असते. ते म्हणाले नाहीत, कारण आजींची आई बायबलबाई होती. पायात वहाणा असोत-नसोत, पाच-सहा गावं पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. हे आजी ऐकवतील याची त्यांना धास्ती असावी.

जूनच्या पहिल्या शनिवारी टेम्पो आला. पुढे ड्रायव्हरशेजारी बाई, मागे सामानात बसलेले मिस्टर, मांडीवर मिक्सरचं खोकं. मी पुढे झालो, "सलाम," म्हटलं आणि तिथेच अडखळलो. त्यांनी "सलाम काका" म्हणून वेळ मारून नेली. सामान उतरायच्या आधी त्यांनी चार्ज मागितला. इतर पाळक आधी बंगल्याचे नळ बघतात.

बाप्तिस्मा नोंदवही, दृढीकरणाची (म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीची), दफनाची, आणि 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ठेवायची विवाहाची. त्यांनी प्रत्येक वही शेवटच्या पानापासून मागे चाळली. विवाहाच्या वहीवर थांबल्या. "वराच्या वडिलांचं नाव, वधूच्या वडिलांचं नाव. आईला रकानाच नाही."

"कायद्याचा नमुनाच तसा आहे, मॅडम."

"हो, माहीत आहे," म्हणाल्या आणि पान उलटलं. दफनाच्या वहीतली गेल्या दोन वर्षांची नावं मात्र त्यांनी स्वतःच्या डायरीत उतरवून घेतली. मागे राहिलेली माणसं कुठे राहतात तेही विचारलं. मला वाटलं होतं मंडळीच्या बँक खात्याचं विचारतील.

प्रभुभोजनाचे काचेचे छोटे पेले मोजले. यादीत 144, हातात 131. आधीच्या चार्जला 138 होते. फुटतात तसे खोडायचे असतात, मी खोडले नव्हते. त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त आकडा बदलून शेजारी सही करायला मला पेन दिलं. शरम वाटली.

मग उपदेशपीठ. दगडी पायऱ्यांचं, उंच, ते बांधणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या मापाचं. बाई वर गेल्या आणि खालून आम्हाला दिसेना झाल्या. कपाळ आणि चष्म्याची वरची कड तेवढी दिसत होती. मिस्टर म्हणाले, "आवाज येतोय, चालेल." मी घरी गेलो आणि बायकोचा पाट उचलून आणला. पाट म्हणजे पुरणपोळ्या लाटताना ती ज्यावर बसते तो, जाड सागवानी. तो ठेवल्यावर खांद्यापर्यंत दिसू लागल्या. आता तो पाट उपदेशपीठातच असतो आणि बायको दर सणाला त्याचा हिशेब मागते.

संध्याकाळी गुरुजींचा नातू चिठ्ठी घेऊन आला. 'गुडघे दुखतात. उद्या ट्रे दुसऱ्या कुणास द्यावा.'

आमच्याकडे प्रभुभोजन जुन्या पद्धतीने जागेवर देतात. पाळक प्रार्थना करतात आणि चार वडील भाकरीचा आणि पेल्यांचा ट्रे बाकांमधून फिरवतात. मधल्या रांगा नेहमी गुरुजींच्या. बाईंनी चिठ्ठी वाचली, घडी घालून बायबलमध्ये ठेवली आणि मला म्हणाल्या, "काका, तुम्ही घ्या."

मी म्हटलं, मी वडील नाही, डीकन नाही, पगारी माणूस आहे.

"बाप्तिस्मा झालाय?"

"झालाय."

"दृढीकरण?"

"तेही."

"मग पगाराचं काय मध्येच?"

रात्री मी घरी रिकामं ताट घेऊन बाकांमध्ये चालतात तसं चालून पाहिलं. मुलगी हसून लोळली.

रविवारी घंटा झाली तेव्हा गर्दी नेहमीच्या दुप्पट होती. नाताळाला येणारी माणसंसुद्धा जूनमध्ये आली होती. फाटकाशी रविवारच्या शाळेची पोरं उभी केली होती. लांबून बाई येताना दिसल्या, पांढरी साडी, त्यावर स्टोल, आणि एक पोरगा मागे वळून ओरडला, "पाळक आली!" त्याच्या शिक्षिकेने चापट मारून दुरुस्त केलं, "आल्या म्हण." तो पुन्हा ओरडला, "पाळक आल्या!" आमच्या कमिटीच्या अख्ख्या मीटिंगला जे जमलं नव्हतं ते असं फाटकात उरकलं.

हार, नेमणूकपत्राचं वाचन, चर्चची चावी त्यांच्या हातात देणं, हे सगळं बिशपसाहेबांच्या वतीने आलेल्या ज्येष्ठ पाळकांनी केलं. पेटीवर टिळकांचं भजन झालं. आमच्याकडे नारायण वामन टिळकांच्या भजनाशिवाय बारसंही होत नाही. उपदेशाला सगळे सरसावून बसले. बायबलातल्या बायका येणार, दबोरा येणार, फिबी येणार, पुनरुत्थानाच्या सकाळची मग्दालीया मरीया तर नक्कीच, अशी पैज तरुण मंडळींनी लावली होती. बाईंनी निर्गम 16 काढला. रानातला मान्ना: रोजचा रोज गोळा करायचा, उद्याला ठेवला तर किडे पडतात. बायकांबद्दल एक शब्द नाही. अस्वस्थ झाले ते फक्त खजिनदार, कारण मंडळीची मुदत ठेव हा त्यांचा जीव की प्राण.

मग मेज. पांढरा कपडा दूर झाला. बाईंनी भाकर हातात घेऊन मोडली. मी इतकी वर्षं शेवटच्या बाकावरून पाहत आलेली गोष्ट पहिल्यांदा हाताच्या अंतरावरून पाहिली, आणि माझं सगळं लक्ष मात्र ट्रे थरथरू नये याकडे होतं. काचेचे पेले एकमेकांवर किणकिणतात, अख्ख्या चर्चला ऐकू जातं.

मधल्या रांगा झाल्या. गुरुजी तिथे नव्हते. वाटलं आलेच नाहीत. मागे वळलो तर दारालगतच्या बाकावर दोघं बसलेली. गुरुजींनी इस्त्रीचा कोट घातलेला, म्हणजे यायचं आधीपासून ठरलेलं होतं.

मी समोर उभा राहिलो. भाकरीचा ट्रे त्यांच्यापुढे धरला. गुरुजींनी ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. राग नव्हता. पाढा चुकल्यावर पुढे जा म्हणून सांगायचे, तशी. मी पुढे सरकणार तेवढ्यात आजींनी हात लांब केला. पन्नासहून जास्त वर्षांच्या संसारात त्या गुरुजींच्या आधी कधी जेवल्या नसतील. भाकरीचा तुकडा घेतला. मग पेला घ्यायचा तर एका हातात काठी, दुसरा हात कापरा. काठी घसरू लागली. गुरुजींनी ती धरली. आजींनी दोन्ही हातांनी पेला तोंडाला लावला, रिकामा करून ट्रेमध्ये ठेवला आणि पदराने ओठ टिपले. गुरुजी काठी धरून सरळ समोर, मेजाकडे पाहत होते.

उपासनेनंतर मांडवात शाल झाली, साडी झाली. मिस्टरांना सफारीचं कापड दिल्यावर टाळ्या जरा जास्तच वाजल्या. ते हसून म्हणाले, शाळेत नव्या मुख्याध्यापकांनाही हेच देतात. पेढे कमी पडले. गुरुजी जेवायला थांबले नाहीत, पण जाताना बाईंना "सलाम" म्हणाले, तोही डोक्यावरची टोपी काढून. बाईंनी विचारलं, "गुडघे कसे आहेत?" ते म्हणाले, "आहेत." त्यानंतरच्या महिन्यात बाई त्यांच्या घरी तीनदा जाऊन आल्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. ट्रे अजून माझ्याकडेच आहे.

दुपारी मी पेले धुऊन मोजले. 131. एकही फुटला नव्हता.

सोमवारी पेंटरला बोलावलं. चर्चच्या भिंतीवर पाळकांच्या नावांचा फलक आहे, वर साहेबांची नावं, खाली आपली. पेंटर स्टुलावर चढला, नावाची चिठ्ठी वाचली आणि खाली मान करून विचारलं, "आधी सौ. लावू का श्रीमती?"

"वरच्यांना काय लावलंय?"

त्याने वरपासून बोट फिरवत आणलं. "रेव्ह."

"मग तेच."

त्याने खडूने रेघ मारली, पट्टी लावली. म्हणाला, "ह्यांच्यानंतर एकाच नावाची जागा उरते. पुढच्या बदलीआधी नवीन फलक सांगून ठेवा, मला आयत्या वेळी जमणार नाही."

मी फाईल काढली आणि यादीत शेवटी लिहिलं: फलक, एक नग.