आमची वाटचाल: आधी झाडलोट, मग लेथ

"अनुभव किती?" १९९६ साली दहावी होऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेडमागून शेड हिंडलो, तेव्हा जिथेतिथे हाच प्रश्न. आयटीआयही केलेला नव्हता. शेवटी एका शेडमधल्या मिस्त्रींनी काहीच विचारलं नाही. म्हणाले, "उद्या आठला ये. आधी झाडलोट, मग बघू."

सहा महिने बिडाचा काळा भुगा गोळा केला, कास्टिंग (ओतीव भाग) उचलली, मशिन पुसली. पण लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या मशिनवर, जॉब (कापायचा तुकडा) बांधताना मिस्त्री मला शेजारी उभं करायचे. पहिला धडा चकच्या, म्हणजे जॉब घट्ट धरणाऱ्या पकडीच्या, चावीचा. चावी चकमध्ये असेपर्यंत हात सोडायचा नाही. तशीच विसरून मशिन चालू केलं तर ती गोळीसारखी सुटते. लेथवर हातमोजे नकोत, बाह्या कोपराच्या वर. मग टूल, म्हणजे धातू कापणारं हत्यार, घासायला दिलं, तेही साध्या लोखंडी चौकोनी तुकड्यावर. कितीतरी तुकडे संपले, कोन हाताला कळला, तेव्हा कुठे खरं टूल मिळालं.

२००८ मध्ये एक जुनं लेथ घेऊन शिरोलीत भाड्याच्या गाळ्यात स्वतःचं काम सुरू केलं. आज पाच मशिनं, अकरा माणसं. त्यातली सात कोरी आली होती.

कोऱ्या मुलाला आधी बाहेरचा व्यास उतरवायला देतो. माप मोठं राहिलं तर पुन्हा काट मारता येते. बोअर, म्हणजे आतलं भोक, मात्र एकदा मोठं झालं की जॉब भंगारात, म्हणून ते तिसऱ्या महिन्यात. तोवर व्हर्निअरवर ०.०२ आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर वाचता आलंच पाहिजे. गेल्या वर्षी एका मुलाचे एका पाळीत चौदा जॉब गेले. पोरगा रडायला लागला. त्याच्या पगारातून रुपयाही कापला नाही. पहिला जॉब तपासायला कुणी थांबलं नव्हतं, ही माझी चूक. आता पहिला तपासल्याशिवाय दुसरा बांधत नाही.

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. तीसपेक्षा कमी माणसं असली तर शिकाऊ घेण्याची सक्ती नाही, पण चार माणसांच्या कारखान्यालाही घेता येतो. छोट्या कारखानदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे, घ्या. तीन महिने उत्पादन थोडं कमी निघेल, तेवढं धरून चाला.

खंडेनवमीला मिस्त्री आवर्जून येतात. पूजा झाली की नव्या पोरांनी घासलेली टूलं उजेडाकडे धरून बघतात. यंदा एकाचं परत दिलं. "अजून घास," म्हणाले.