सात वाजल्यानंतरचा नळ

रविवारी रात्री नऊ वाजता फोन आला. वागळे इस्टेटच्या मागे, डोंगराच्या उतारावर एक चाळवस्ती आहे, तिथे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाई बोलत होत्या. "मॅडम, कालपासून एकाच गल्लीतली सात मुलं जुलाब-उलट्या घेऊन आलीत. तुम्ही पाणी बघा." सातांतल्या एका पाच वर्षांच्या मुलीला सलाइन लावावं लागलं होतं. मी पाणीपुरवठ्याच्या कामावर कनिष्ठ अभियंता. त्या रात्री झोप लागली नाही.

शुक्रवारी शटडाउन होता, हे मला माहीत होतं. ठाण्याचं बरंचसं पाणी भातसा नदीवर पिसे इथे उचललं जातं, टेमघरला शुद्ध होतं आणि मग शहराकडे निघतं. वाटेत कुठे दुरुस्ती निघाली की अख्खा दिवस नळ कोरडे राहतात. लोक त्याला गैरसोय म्हणतात. त्याचा आजाराशी संबंध असतो, हे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही.

सोमवारी सव्वापाचलाच आम्ही गल्लीत उभे होतो. मी, दोन प्लंबर आणि आमचे चावीवाले काका, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे-बंद करणारे. या भागातली प्रत्येक लाइन त्यांना पाठ. साडेपाचला पाणी सुटलं. ओटी टेस्ट सोपी असते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटॉलिडिनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. अगदी शेवटच्या नळालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. रंग आला नाही, तर वाटेत ते कशाशी तरी झुंजून संपलं.

व्हॉल्व्हजवळ पिवळा रंग आला. गल्लीत वरच्या रांगेतल्या चौथ्या खोलीत पाच चाळीसला काहीच नाही. पुन्हा घेतलं, काही नाही. सहा वीसला त्याच नळाचं पाणी छान पिवळं! मला वाटलं, माझ्याच हातून काही चुकतंय.

काका म्हणाले, "मॅडम, पहिलं पाणी वेगळं आणि मागचं वेगळं. आता बघा, प्यायचं कुठलं भरतायत."

मी दारादारांतून पाहिलं. प्रत्येक घरात नळाखाली आधी कळशी आणि हंडा लागले होते. पिंप, बादल्या, धुणं सगळं नंतर. कारण अर्ध्या तासाने पाण्याचा जोर कमी होतो, तेव्हा पिण्याचं आधी भरून घ्यायचं, हा इथल्या बायकांचा वर्षानुवर्षांचा शहाणपणा. आणि नळातलं सगळ्यात घाण पाणी नेमकं त्याच हंड्यात जात होतं. ते बघून माझे हातपाय गळाले.

सात वाजता काकांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि मला परत त्या वरच्या खोलीत नेलं. "तोटी उघडा आणि तळवा लावा." मी हात लावला. नळातून 'सूंऽऽ' असा बारीक आवाज येत होता आणि तळवा आत ओढला जात होता. खालच्या खोल्यांचे नळ अजून उघडे होते, उतारावरच्या पाइपातलं पाणी तिकडे उतरत होतं, आणि रिकाम्या होणाऱ्या पाइपाला मिळेल तिथून काहीतरी आत ओढून घ्यायचं होतं. नळातून हवा मिळाली तर हवा. वाटेत एखादं भोक असलं आणि त्या भोकाभोवती गटार असलं, तर गटार. त्यात सात-आठ घरांनी लाइनलाच मोटार जोडलेली. त्या तर जोरानेच खेचतात.

मग पाइपांच्या मागे लागलो. गल्ली जेमतेम अडीच फूट रुंद, मधोमध गटार, आणि सगळ्या घरांचे जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप त्याच गटारातून गेलेले. बाहेरचा माणूस लगेच विचारतो, असं कोणी केलं? ज्याला नळ हवा होता आणि पाइप न्यायला दुसरी जागाच नव्हती, त्याने. इथे आधी माणसं आली, मग नळ आले, गटारं त्यानंतर. मुंबईतही हेच झालं होतं. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आलं, आणि वापरलेलं पाणी वाहून नेणारी बंदिस्त गटारं मागाहून, तुकड्या-तुकड्यांनी बांधली गेली. आणलेलं पाणी कुठेतरी जाणार, याचा विचार दरवेळी उशिराच होतो.

गल्लीतल्या एका आजींनी सांगितलं, वळणावरचं गटार गुरुवारपासून तुंबलंय. तिथला गाळ उपसला. प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या, भाताचा थर. खाली पाइप वळतो त्या जोडापाशी, एल्बोपाशी, सायकलची रबरी ट्यूब गुंडाळलेली. ती सोडवली तर पाइपाला वाटाण्याएवढं भोक, कडा गंजून कागदासारख्या झालेल्या. नऊ खोल्या या एका फांदीवर. सातही मुलं त्याच नऊ खोल्यांतली. गटार तुंबलं नसतं तर भोक घाण पाण्यात बुडालं नसतं. शटडाउन नसता तर पाइप इतका वेळ रिकामा राहिला नसता. शुक्रवारी दोन्ही एकत्र आलं.

आजी बाजूलाच बसल्या होत्या. त्यांच्या सासऱ्यांच्या तोंडी तलावांच्या गोष्टी असायच्या. ठाणं तलावांचंच गाव. ज्याच्या नावाने आज पोखरण रस्ता आहे, त्या पोखरण तलावातून जुन्या ठाण्याला नळाने पाणी यायचं. तेव्हा तलाव राखला की निम्मं काम व्हायचं. आता टेमघरहून पाणी स्वच्छ निघतं, ते मी स्वतः तपासलेलं आहे. पण शेवटच्या वीस फुटांवर कुणाचा पहारा नाही.

ती फांदी तोडली, टँकर मागवला. दोन दिवसांत नवे पाइप गटारातून उचलून भिंतीला क्लॅम्पने लावले, टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं द्रावण भरून ठेवलं, मग धुऊन काढले. प्रयोगशाळेकडून नमुने ठीक आल्याचं कळलं तेव्हा सही करताना हात थोडा थरथरला. मोटारी काढायला गेलो तेव्हा वरच्या रांगेतले एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ताई, काढतो. पण मग पाणी इथवर चढणार कसं, ते सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. जास्त दाबाच्या लाइनचा प्रस्ताव मी त्याच आठवड्यात लिहून दिला.

गुरुवारी ती मुलगी घरी आली. पुढच्या सोमवारी साडेपाचला चौथ्या खोलीतलं पहिलं पाणी नळीत घेतलं. पिवळं. तिच्या आईने तरीही पहिली बादली लादी पुसायला बाजूला ठेवली आणि मग हंडा लावला.

सात वाजता काकांनी व्हॉल्व्ह बंद केला. मी तळवा लावला. नळ अजूनही ओढत होता.