१८० चा तक्ता आणि १२० चं अंतर

सोलापुरात गड्डा यात्रेचे दिवस. संध्याकाळी अपघात विभागातून छातीच्या एक्स-रेसाठी ट्रॉलीवर एक आजी आमच्याकडे आल्या. शहराच्या पूर्वभागातल्या, उभा जन्म विड्या वळण्यात गेलेला. ताप, धाप, नाकाला ऑक्सिजन. उभं करणं शक्यच नव्हतं, म्हणून पाठीशी डिटेक्टर, म्हणजे प्रतिमा टिपणारी पाटी, लावून ट्रॉलीवरच बसवलं. सिलिंडरमुळे ट्रॉली आडवीच राहिली आणि किरण सोडणारी ट्यूब कितीही मागे नेली तरी तिचं डिटेक्टरपासून अंतर भरलं १२० सेंमी.

दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पॅनेलवर होता. भिंतीवरच्या तक्त्यात छातीसाठी, ग्रिडशिवाय (विखुरलेले किरण अडवणारी जाळी न लावता), ८० केव्हीपी (ट्यूबचा व्होल्टेज) आणि ४ एमएएस (मिलिअँपिअरमधला करंट गुणिले सेकंद, म्हणजे किरणांचं प्रमाण) लिहिलंय. त्यानं तेच लावलं.

"थांब रे. हे कुठल्या अंतराचं?"

"१८० चं, मॅडम."

"मग कागद घे."

किरण ट्यूबमधून पसरत जातात, म्हणून तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. १२० भागिले १८० म्हणजे दोन तृतीयांश. त्याचा वर्ग चार नवमांश. ४ ला या चार नवमांशानं गुणलं की येतात साधारण १.८ एमएएस. तक्त्यातले ४ तसेच दिले असते तर डिटेक्टरवर सव्वादोन पट किरण पडले असते. आणि चित्र? छान दिसलं असतं. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. फिल्मच्या काळात जादा एक्स्पोजर झालं की फिल्म काळी यायची, चूक सगळ्यांना दिसायची. आता संगणक चित्र सावरून घेतो. जादा मात्रा दिसते ती फक्त एक्स्पोजर इंडेक्सच्या, म्हणजे डिटेक्टरवर किती किरण पडले ते सांगणाऱ्या आकड्यात, आणि तो आकडा बघतं कोण?

"मग केव्हीपीच ६८ करू? १५ टक्के उतरवलं की एक्स्पोजर निम्मं होतं ना?"

नियम त्याला पाठ होता, याचा आनंद झाला. पण केव्हीपी उतरवला की किरणांची भेदनशक्तीही उतरते, हृदयामागचं फुफ्फुस नीट दिसत नाही. बदललंय ते अंतर, तेव्हा दुरुस्ती एमएएसमध्येच करायची.

आजी अगदी कृश होत्या, म्हणून मशीनवरची जवळची खालची पायरी घेतली, १.६ एमएएस. श्वास रोखणं त्यांना जमणार नव्हतं. वेळ जितका कमी तितकं बरं. २०० एमए, ८ मिलिसेकंद. मी म्हटलं, "गालि पील्चंडि, अव्वा." म्हणजे श्वास घ्या, आजी. सोलापुरात एक्स-रे काढायचा तर एवढं तेलुगू लागतंच. त्यांची छाती भरून वर आली त्या क्षणी त्यानं बटण दाबलं.

इंडेक्स मर्यादेत. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातला पांढुरका डाग स्पष्ट होता. प्रतिमेवर 'एपी, बसून, १२० सेंमी' लिहायला लावलं, कारण अशा समोरून (एपी) आणि जवळून काढलेल्या छातीत हृदय असतं त्यापेक्षा मोठं दिसतं. डॉक्टरांना हे माहीत नसेल तर वाढलेल्या हृदयाचा भलताच संशय यायचा. वॉर्डातून तसा फोन आलाही; नोंद वाचून दाखवल्यावर त्यांनी न्यूमोनियाचे उपचार सुरू केले.

रात्री गर्दी ओसरल्यावर त्या मुलानं तक्त्याशेजारी नवा रकाना आखला: १५० ला २.८, १२० ला १.८, १०० ला १.२. मी आकडे तपासले आणि तक्त्याच्या वर लाल शाईत लिहिलं: आधी टेप लावा.