कुठला क्लास लावलाय?

हल्ली लिफ्टमध्येसुद्धा हा प्रश्न येतो. लेक तिसरीत आहे, आकड्यांचं वेड आहे, ही बातमी सोसायटीभर झालीय. क्लास नाही लावलेला म्हटलं की समोरचा असा बघतो जणू पोरीला लस द्यायची राहिलीय.

दुसरा सल्ला ठरलेला, शाळेत कंटाळते ना, मग पुढच्या इयत्तेचं पुस्तक दे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात त्यामुळे मोह होतोच, पण जरा विचार करा, चौथीचं गणित मे महिन्यातच उरकलं तर जूनपासून वर्षभर ही वर्गात बसून करणार काय? कंटाळा जाणार नाहीच, उलट दुप्पट होणार. म्हणून आमच्याकडे पुढे पळवायचं नाही, आहे तिथेच खोलात जायचं, असं ठरवलंय.

म्हणजे कसं, तर परवा आजीचे चिंचोके घेऊन बसलो. एक चिंचोका ठेवला. त्याच्या दोन बाजूंनी कोपरा धरून तीन लावले, चारचा चौकोन झाला. त्याला कोपरा धरून अजून पाच, झाले नऊ, तीन बाय तीन. मी इथे गप्प बसले (हे सगळ्यात अवघड काम, खरं सांगते). मग सात, नऊ, अकरा करत ती तेरापर्यंत गेली, एकोणपन्नास चिंचोके, सात बाय सात, आणि चिंचोके संपले म्हणून राजम्याची बरणी उघडली तेव्हा आजी ओरडली. विषम आकडे ओळीनं मिळवत गेलं की दर वेळी चौरसच होतो, हे तिचं तिला दिसलं. मग म्हणाली, आणि सम घेतले तर? बेरजा आल्या दोन, सहा, बारा, वीस. चौरस काही होईना, दर वेळी एक रांग जास्तच. वैतागली. का जास्त, ते मी अजून सांगितलेलं नाही, बाबालाही दम दिलाय. बेरीज सगळी तिसरीचीच आहे हां यात.

आणि त्याच संध्याकाळी सापशिडीत हरली म्हणून अर्धा तास रडली. डोकं पुढे धावतं, बाकीचं सगळं आठ वर्षांचंच असतं. "एवढी हुशार आणि रडतेस काय?" हे वाक्य आमच्या घरात बंद आहे, मामेभावंडांसमोर कौतुकही बंद, त्यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष.

आयक्यू टेस्ट करून घ्या म्हणणारेही आहेत. गरज पडली तर करूही, पण त्या आकड्यावर फार भिस्त नको. अमेरिकेत टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1921 पासून अशा टेस्ट घेऊन हुशार मुलं निवडली आणि वर्षानुवर्षं त्यांचा अभ्यास केला. त्या चाळणीत जी मुलं गळली त्यातल्या शॉकली आणि अल्वारेझ या दोघांना पुढे फिजिक्सचं नोबेल मिळालं, 1956 आणि 1968 ला. आता बोला.

पुण्यात राहतो त्यामुळे आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची शाळकरी मुलांसाठीची शनिवारची व्याख्यानं आहेत, अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी तर घरबसल्या बघून करता येतात, किशोर मासिकाचे जुने अंक आहेत. ज्ञानप्रबोधिनी शाळेचा प्रवेश पाचवीला, होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावीला, त्याचं टेन्शन आत्तापासून मी घेणार नाही.

शाळेत मात्र बाईंना जाऊन भेटले. तक्रार करायला नाही, साठ मुलं सांभाळतात त्या, एकटीसाठी वेगळं काय करणार? एवढंच विचारलं की वर्गातली गणितं झाली की हिनं स्वतःची कोड्यांची वही काढली तर चालेल का. चालेल म्हणाल्या, फक्त शेजारणीला उत्तरं सांगायची नाहीत. कोडी जमतायत, ती अट काही जमत नाहीये.